रूल लोड होतो, पण अलर्ट येत नाही: स्नॉर्ट आणि सुरिकाटा शिकणाऱ्यांसाठी

स्नॉर्ट आणि सुरिकाटा ही नेटवर्कवरील रहदारी रूलशी ताडून पाहणारी आणि जुळणारे काही दिसले की अलर्ट देणारी इंजिने आहेत. स्नॉर्ट 1998 पासून वापरात आहे, सुरिकाटाची 1.0 आवृत्ती 2010 मध्ये आली, आणि दोन्हींची रूल लिहिण्याची पद्धत वरवर इतकी सारखी दिसते की एकाचे मॅन्युअल वाचून दुसऱ्याचे रूल लिहिणारे अनेक जण भेटतात. हेडर (कोणत्या आयपी आणि पोर्टची रहदारी पाहायची), कन्टेन्ट (त्यात शोधायचा मजकूर), एसआयडी (रूलचा क्रमांक) हे सगळे ठाऊक असूनही आपला रूल गप्प का बसतो हे ज्यांना उमगत नाही, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. त्या अवस्थेत माणूस स्वतःच्या बुद्धीवरच शंका घेऊ लागतो. मी त्यातून गेलो आहे आणि आजही एखादा रूल चालेनासा झाला की तीच अस्वस्थता परत येते.

माझा सर्वाधिक वेळ खाल्ला तो बफरच्या, म्हणजे कन्टेन्ट रहदारीच्या कोणत्या भागात शोधायचा हे सांगणाऱ्या शब्दाच्या, जागेने, म्हणून ती गोष्ट सविस्तर सांगतो. स्नॉर्ट 2 मध्ये ‘एचटीटीपी_यूआरआय’ (यूआरआय म्हणजे वेब विनंतीतील पानाचा पत्ता) हा शब्द कन्टेन्टच्या नंतर येतो आणि फक्त त्याच एका कन्टेन्टला लागू होतो. स्नॉर्ट 3 मध्ये हाच शब्द, अगदी याच स्पेलिंगने, कन्टेन्टच्या आधी येतो आणि दुसरा बफर सांगेपर्यंत पुढच्या प्रत्येक कन्टेन्टला लागू राहतो; यालाच स्टिकी बफर म्हणतात. सुरिकाटात अंडरस्कोअर असलेला शब्द जुन्या पद्धतीने नंतर येतो, तर 5.0 आवृत्तीपासून आलेला ‘एचटीटीपी.यूआरआय’ हा टिंबाचा शब्द स्टिकी आहे. म्हणजे कोणत्या इंजिनाच्या कोणत्या आवृत्तीचे पान समोर उघडे आहे हे पाहिल्याशिवाय त्या शब्दाचा अर्थ लावताच येत नाही.

आता समजा, लॉगिन पानावर पोस्ट विनंतीतून जाणारा पासवर्ड पकडायचा आहे. जुन्या रूलमध्ये आधी ‘/लॉगिन’ हा कन्टेन्ट, त्याच्यामागे यूआरआयचा शब्द आणि मग ‘पासवर्ड=’ हा कोणताही बफर नसलेला कन्टेन्ट होता, त्यामुळे दुसरा शोध संपूर्ण पेलोडमध्ये, म्हणजे पॅकेटमधील सगळ्या डेटात, होत असे. नव्या पद्धतीत आणताना कोणी यूआरआयचा शब्द नुसता उचलून पुढे ठेवला, तर दोन्ही कन्टेन्ट यूआरआयमध्येच शोधले जातात, पासवर्ड मात्र विनंतीच्या बॉडीत असतो, आणि अलर्ट कधीच येत नाही. व्याकरणाच्या दृष्टीने रूल निर्दोष असल्यामुळे इंजिन एका शब्दानेही तक्रार करत नाही. सुरिकाटात दुसऱ्या कन्टेन्टच्या आधी ‘एचटीटीपी.रिक्वेस्ट_बॉडी’ लिहिले की प्रश्न मिटतो, पण तो मिटण्याआधी माणूस आयपी, पोर्ट आणि व्हेरिएबल्स तपासत दिवस घालवतो.

कन्व्हर्टरमधून (जुने रूल नव्या पद्धतीत बदलणाऱ्या प्रोग्राममधून) निघालेला किंवा कोणीतरी आयता दिलेला रूल न तपासता सेन्सरवर, म्हणजे इंजिन चालणाऱ्या मशीनवर, चढवू नका, हे मी कठोरपणेच सांगेन. दुरुस्त ओळ हातात ठेवणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा ‘हा कन्टेन्ट नेमका कुठे शोधला जातो आहे?’ असे विचारणारा मार्गदर्शक मला अधिक मोलाचा वाटतो. सुरिकाटात या प्रश्नाचे उत्तर मिळवण्याची सोय आहे: ‘इंजिन-ॲनालिसिस’ हा पर्याय देऊन इंजिन चालवले की कोणता कन्टेन्ट कोणत्या बफरशी जोडला गेला आहे ते अहवालात दिसते. इंजिन चालवताना दिलेला कॅपिटल टीचा (-T) पर्याय कॉन्फिगरेशन आणि रूल नीट लोड होतात का एवढेच पाहतो, त्यामुळे त्याच्या यशावर विसंबू नका.

खरी कसोटी पीकॅप फाइलवर, म्हणजे टिपून ठेवलेल्या रहदारीच्या फाइलवर, घ्यावी: एक फाइल अलर्ट यायलाच हवा अशी, दुसरी येताच कामा नये अशी. कॅप्चर मध्येच सुरू झाले असेल आणि टीसीपीचा हँडशेक (जोडणी सुरू करणारी पहिली देवाणघेवाण) त्यात नसेल, तर ‘फ्लो: एस्टॅब्लिश्ड’ (फक्त जुळलेल्या जोडणीतली रहदारी) असलेला रूल बरोबर असूनही गप्प राहू शकतो. चेकसम ऑफलोडिंगमुळे (चेकसम, म्हणजे पॅकेटची पडताळणी-बेरीज, काढण्याचे काम नेटवर्क कार्डावर सोपवल्यामुळे) पॅकेट्सचे चेकसम चुकीचे दिसत असतील, तर चेकसम तपासणी बंद करून तीच फाइल पुन्हा चालवावी. एवढे करूनही वागणूक मॅन्युअलशी जुळत नसेल, तर चूक तुमचीच आहे असे गृहीत धरू नका. मॅन्युअलही माणसेच लिहितात आणि कोड पुढे गेला तरी एखादे उदाहरण मागे राहून जाते.

अशी विसंगती कळवताना आवृत्ती क्रमांक, पूर्ण रूल, मॅन्युअलमधील नेमके वाक्य, प्रत्यक्ष दिसलेला परिणाम आणि शक्य तितकी लहान पीकॅप फाइल द्यावी. ती फाइल संस्थेच्या खऱ्या ट्रॅफिकमधून कापून देऊ नये, चाचणीसाठी स्वतः तयार करावी. मॅन्युअल चुकले की प्रोग्राम, याचा निर्णय घाईने देऊ नये, कारण कधी कधी लिहिलेले बरोबर असते आणि बग कोडमध्ये असतो. सुरिकाटाचे यूजर गाइड कोडच्याच रिपॉझिटरीत असल्यामुळे दुरुस्ती पॅच म्हणून पाठवता येते, आणि ‘सुरिकाटा-व्हेरिफाय’ या वेगळ्या रिपॉझिटरीत रूल, पीकॅप आणि अपेक्षित निकाल अशी चाचणी जोडता येते. एका वाक्याची दुरुस्ती पाठवायला नवख्याने संकोच करू नये. त्या वाक्यावर अडखळल्याची आठवण त्याच्याकडे ताजी असते, आणि अनुभवी माणूस ते वाक्य वाचतसुद्धा नाही.