फुलं हातात घेण्याआधी हातमोजे घ्या

फुलशेतीत कीटकनाशकाला सर्रास ‘औषध’ म्हणतात. त्या शब्दामुळेच मी बरीच वर्षं निर्धास्त होते. गुलाबाच्या देठावरची पानं उघड्या मुठीने एका झटक्यात ओरबाडणं ही आमच्या कामातली सफाई समजली जायची. सहाव्या वर्षी माझ्या बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोलवटू लागली. आता बुके बांधायला शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला मी कात्रीच्या आधी हातमोजे देते.

बेल्जियममधल्या संशोधकांनी 2016 मध्ये गुलाब, जरबेरा आणि शेवंतीच्या 90 गुच्छांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांत 107 रसायनं सापडली, एकेका गुच्छात सरासरी दहाच्या आसपास. पुढे त्यांनी फुलं बांधणाऱ्यांना सुती मोजे घालून काम करायला लावलं, तर त्या मोज्यांवर 111 रसायनं निघाली. मोजे नसते तर हे सगळं कातडीवर बसलं असतं. भाजीवर किती अंश चालेल याची मर्यादा कायदा ठरवतो. फूल कोणी खात नाही म्हणून युरोपीय संघातही कापलेल्या फुलांना अशी मर्यादा नाही. उलट आयात करणाऱ्या देशाला फुलावर एकही कीड चालत नाही, म्हणून फवारे वाढतात.

मोजे नायट्राइलचे, म्हणजे पाणी न शोषणाऱ्या कृत्रिम रबराचे घ्या. सुती मोजा ओल शोषून तीच कातडीला लावून ठेवतो. नायट्राइलचा मोजा फाटला की लगेच बदला आणि काढताना बाहेरची बाजू आत जाईल असा उलटा काढा. त्याच हाताने फोन उचलू नका, डोळा चोळू नका. मला या दोन सवयी मोडायलाच सर्वांत जास्त वेळ लागला. पानं आणि काटे काढायला हाताऐवजी काटे काढायचा चिमटा वापरा. सर्वाधिक संपर्क याच कामात येतो, त्यामुळे बाकी काही जमलं नाही तरी एवढं कराच. लांब बाह्यांचा एप्रन घाला, तो घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. फुलांचं खोकं हवेशीर जागी उघडा. कामाच्या टेबलावर खाणं-पिणं नको, आणि जेवायला बसण्याआधी हात साबणाने धुवा.

गरोदर असाल तर देठ साफ करण्याचं काम दुसऱ्या कुणाकडे द्या. मालक असाल तर गरोदर कामगाराने मागण्याची वाट पाहू नका, ते काम आपणहून काढून घ्या.

बाजारातल्या गुच्छाच्या पाकळ्या खाण्याच्या पदार्थांवर किंवा अंघोळीच्या पाण्यात टाकू नका. त्यासाठी फवारणी न केलेली फुलं वेगळी मिळवा.

प्रत्येक पुरळ फवारलेल्या औषधामुळेच उठतं असं मात्र नाही. ट्युलिप, अल्स्ट्रोमेरिया आणि शेवंतीच्या चिकामुळेही कातडी चिघळते. त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना त्या आठवड्यात कोणती फुलं हाताळली याची यादी न्या. मी ती नेली नाही आणि दोन वर्षं नुसती मलमं लावत बसले.

माझ्या हातांपेक्षा पॉलिहाऊसमधले हात जास्त सोसतात. इक्वाडोरच्या फुलपट्ट्यात राहणाऱ्या मुलांची तपासणी झाली तेव्हा मातृदिनाच्या, म्हणजे फवारे सर्वाधिक चालतात त्या हंगामानंतर लवकर तपासलेल्या मुलांत मज्जातंतूंना लागणारं एक विकर (एन्झाइम) कमी आढळलं, आणि लक्ष, आत्मसंयम यांच्या चाचण्यांतही ती मागे पडली. ती मुलं शेतात कामाला नव्हती, नुसती जवळ राहत होती. हे वाचल्यापासून मातृदिनाच्या ऑर्डरी घेताना माझा हात थबकतो. आणि काही देश स्वतःकडे बंदी घातलेली औषधं बाहेर विकतात, मग तीच फुलांवर बसून त्यांच्याकडे परत येतात. याचा मला संताप येतो.

म्हणून माल घेताना विचारा. फेअरट्रेड, रेनफॉरेस्ट अलायन्स किंवा कोलंबियाचं फ्लोरवेर्दे यांपैकी एखाद्या प्रमाणपत्राचा शिक्का असेल तर बरं. त्यांच्या नियमांत धोकादायक औषधांवर आणि मजुरांच्या संरक्षणावर अटी आहेत. शिक्का नसेल तर दोनच प्रश्न घाला: कोणतं औषध मारलं, आणि फवारणीनंतर किती तासांनी माणसं तोडणीला आत गेली? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात तासांचा नेमका आकडा मिळाला नाही, तर मी त्या खोक्याची ऑर्डर देत नाही.