हाल्सचा देकार्त, वहीपेक्षा लहान फळीवर

डच चित्रकार फ्रान्स हाल्सने काढलेल्या फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या व्यक्तिचित्राची तैलरंगांत नक्कल करायची, तर आधी चित्र नीट शोधा. ‘देकार्त’ असं इंटरनेटवर टाकलं की बहुतेक वेळा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं पुढे येतं. पाऊण मीटरभर उंच, घोटून घोटून गुळगुळीत झालेलं. पुष्कळ वर्षं ते हाल्सचंच समजलं जायचं, पण ती नक्कल आहे. नकलेची नक्कल करायची म्हणजे कॅलेंडरवरून गणपती काढण्यासारखं! आपल्याला हवंय ते कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयातलं, लाकडी फळीवरचं, जेमतेम १९ बाय १४ सेंटिमीटर. चेहरा लिंबापेक्षा थोडा मोठा, बस्स.

हे चित्र १६४९ च्या सुमाराचं. देकार्त हॉलंडात वीसेक वर्षं राहिला आणि त्या वर्षी राणी क्रिस्टिनाच्या बोलावण्यावरून स्वीडनला गेला. पुढच्या फेब्रुवारीत स्टॉकहोममध्ये वारला. हाल्सची तेव्हा साठी उलटलेली. हात इतका सरावलेला की फटकारा मारून मोकळा व्हायचा.

मी रविवारी सकाळी घरी शिकवते. या चित्राला बसलेली मुलं पहिल्यांदा एकच चूक करतात. देकार्तचं ‘मी विचार करतो, म्हणून मी आहे’ हे त्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं, त्यामुळे तत्त्वज्ञ म्हणजे कपाळाला आठ्या! आधी नीट बघा. आठ्या नाहीत. पापण्या जड आहेत, एक भुवई जराशी वर चढलीय, आणि हा माणूस ‘बोला, ऐकतोय’ अशा बेताने आपल्याकडे बघतोय. ती भुवई साधली की निम्मं चित्र झालं.

फळीसाठी सहा मिलिमीटरचा एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) कापून आणा. प्रायमर दोन्ही बाजूंना लावा, नाहीतर पावसाळ्यात फळी पापडासारखी वळते. बारीक पॉलिशपेपर मारून वर बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि पांढऱ्याचा पातळ, मातकट हात द्या आणि चांगला वाळू द्या. पांढऱ्याशुभ्र फळीवर काम सुरू करू नका. सगळेच रंग काळपट दिसतात आणि मग आपण घाबरून पांढरा ओतत बसतो.

अंबर आहेच. त्याशिवाय चार ट्यूब पुरतात : टिटॅनियम व्हाइट, यलो ऑकर (मातकट पिवळा), लाइट रेड (विटकरी), आयव्हरी ब्लॅक. निळा नको. काळ्यात पांढरा मिसळला की तो निळसर दिसतोच, ऑकर मिसळला की शेवाळी. व्हॅन गॉगने भावाला लिहिलं होतं की हाल्सकडे सत्तावीस काळे आहेत. आपण पाच करू. कोटासाठी ट्यूबमधला काळा तसाच थापलात तर छातीच्या जागी भोक पडल्यासारखं दिसेल. मधला काळा सगळीकडे लावा, खांद्यावर एक-दोन उजळ फटकारे ओढा आणि तिथून हात काढा.

रेखाटनाला चौकटी आखू नका. एवढ्याशा फळीवर चौकटी आखल्या की माणूस चेहरा सोडून चौकटी रंगवत बसतो. पातळ अंबरने डोक्याचा माथा, हनुवटी आणि डोळ्यांची रेघ एवढंच टिपा. चुकलं तर टर्पेंटाइनची चिंधी आहेच. मग डोळे किलकिले करून छाया बघा. डोळ्याची खोबण, नाकाखालचा भाग, गळा अशा वेगवेगळ्या सावल्या न करता सगळी मिळून एकच घाला. उजेडाची बाजू नंतर.

ब्रश सहा नंबरचा, चपटा, डुकराच्या केसांचा. शून्य नंबरचा बारीक ब्रश मी वर्ग सुरू व्हायच्या आधी गोळा करून खिडकीत ठेवते. शेवटी बुबुळांतल्या दोन ठिपक्यांपुरता परत देते. रंग ओले असतानाच एकमेकांत जायला हवेत, म्हणून एका बैठकीचं काम, तीन तास धरा. केसांची कड पार्श्वभूमीच्या राखाडीने ओली असतानाच थोडी खाऊन टाका. केस सुटे वाटतात ते त्यामुळे. कॉलर मात्र धीटपणे. चार-पाच फटकारे, त्यातला एकच शुद्ध पांढरा. पुन्हा पुन्हा हात फिरवलात तर इस्त्री बिघडल्यासारखी दिसते.

थांबणं सगळ्यात अवघड. माझी पहिली नक्कल दुपारी एकला बरी झाली होती. मग म्हटलं, मिशी जरा नीट करू. मिशीसाठी ओठ, ओठासाठी गाल असं करत चारपर्यंत बसले. आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, “हे आपले पोस्टमास्तर ना गं?” खरंच, तेच होते. हाल्सने जे अर्धवट सोडलंय ते त्याला वेळ नव्हता म्हणून सोडलेलं नाही. ते आपण ‘पुरं’ करायला गेलो की देकार्त उठून जातो आणि खुर्चीत दुसराच कुणीतरी येऊन बसतो. म्हणून आता मी घड्याळाचा गजर लावते, आणि वाजला की ब्रश सरळ टर्पेंटाइनमध्ये.

मागच्या बाजूला ‘हाल्सवरून’ असं लिहा, खाली आपलं नाव आणि तारीख. पुढच्या बाजूला सही करू नका. वॉर्निश सहा महिने तरी नको.