ट्रेकला गेल्यावर सह्याद्रीचा कातळ कसा वाचायचा

कड्याचा फोटो सगळेच काढतात, पण तोच कडा पाच-दहा मिनिटं नीट बघितला तर तो कसा तयार झाला ते बरंचसं तिथेच कळतं. सोबत एक छोटं भिंग आणि पाण्याची बाटली पुरे, हातोडा नको, किल्ल्यावर तर अजिबातच नको.

आधी लांबून बघा. माळशेजच्या डोंगरांना आडवे पट्टे दिसतात ना, उभा कातळ, मग गवताचा उतार, परत उभा कातळ? ते लाव्हाचे थर. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीतल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा बाहेर येऊन पसरत गेला, परत परत, त्यामुळे टोकदार डोंगर आणि वर धूर हे चित्र डोक्यातून काढून टाका. (आणि लोणार ज्वालामुखीचं नाहीये हो, ते उल्कापाताचं विवर आहे, दरवेळी सांगावं लागतं.)

आता जवळ जा, आधीच फुटलेला ताजा तुकडा शोधा, पाण्याने ओला करा आणि भिंग लावा. काळपट आणि दाणे जेमतेम दिसतायत? हा बेसाल्ट, लाव्हा उघड्यावर आला आणि पटकन थिजला, स्फटिकांना वाढायला वेळच मिळाला नाही. हंपीचा ग्रॅनाइट खोल जमिनीत सावकाश गार झाला म्हणून त्याचे दाणे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. ग्रॅनाइटचा मूळ रसही (म्हणजे वितळलेला दगड) वेगळा, त्यात सिलिका (गारगोटी जिची बनते ती) जास्त, पण दाण्यांचा नियम तोच. गंमत म्हणजे जुन्नर-माळशेज भागात बारीक दाण्याच्या काळ्या दगडात बोटाच्या पेरापेक्षा लांब पांढुरके स्फटिक रुतलेले सापडतात, म्हणजे ते आधी खाली निवांत वाढले, मग लाव्हासोबत वर आले आणि बाकीचा रस त्यांच्याभोवती झटकन थिजला. मला हा दगड सगळ्यात आवडतो.

दगडाला भोकं असतील तर ते वायूचे बुडबुडे, ते वर चढतात म्हणून थराच्या माथ्याला जास्त. चढताना भोकं वाढत गेली आणि एकदम घट्ट दगड लागला की समजा पुढचा थर सुरू झाला. भोकांमधलं पांढरं, चमकणारं असतं ते झिओलाइट, कॅल्साइट किंवा गारगोटी यांसारखं खनिज, ते नंतर झिरपलेल्या पाण्यातून साठलंय. उकरून घरी नेऊ नका प्लीज, सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये याहून भारी बघायला मिळतं.

दोन थरांच्या मधे विटेसारखा लाल मऊ पट्टा दिसला तर मधे बराच काळ गेला होता, खालच्या थराच्या माथ्याचा दगड कुजून माती झाली आणि मग पुढच्या लाव्हाने ती भाजली. घाटातल्या रस्त्याच्या कटिंगला छान दिसतो, पण वळणावर गाडी थांबवू नका.

उभे खांब बघायचे तर अंधेरीची गिल्बर्ट हिल. लाव्हा गार होताना आकसतो, तळं आटल्यावर चिखलाला पडतात तशा भेगा पडतात आणि त्या आत आत उतरत जातात.

शेवटी डाइक शोधा, आडव्या थरांना कापत जाणारी भिंतीसारखी उभी पट्टी. भेगेत घुसून तिथेच थिजलेला रस तो, म्हणजे ज्या थरांना कापतो त्यांच्यापेक्षा वयाने लहान. त्याच्या कडेला आणि मधे दोन्हीकडे भिंग लावून बघा, कडेचे दाणे बारीक असतात कारण तिथे तो गार दगडाला टेकून आधी थिजला, मधले जरा मोठे.