पार्नेलचा उदय आणि पाडाव: अभ्यास कसा करावा

आयर्लंडला होमरूल, म्हणजे अंतर्गत स्वराज्य, मिळावं म्हणून ब्रिटिश संसदेत लढणारा नेता चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल याच्यावर निबंध लिहायचा असो की तासाभराचं व्याख्यान द्यायचं असो, ‘घटस्फोटाच्या खटल्यानं आयर्लंडचा नेता संपला’ एवढ्या एका वाक्यावर बहुतेक जण विषय उरकतात. तारखा ओळीनं लावल्या की हे वाक्य टिकत नाही. म्हणून आधी फुलस्केप कागदावर तीन रकाने आखा: तारीख, घटना, आणि त्या दिवशी ती कोणाला ठाऊक होती. तिसरा रकाना कंटाळवाणा वाटला तरी गाळू नका, सगळं उत्तर त्यातच आहे.

चढता काळ एका पानात बसतो. १८७५ च्या पोटनिवडणुकीत आयर्लंडमधल्या मीथमधून ब्रिटिश संसदेत खासदार. मग सहकारी खासदार जोसेफ बिगर यांच्यासोबत लांबलचक भाषणं करून कामकाज अडवण्याचं तंत्र. १८८१ च्या जानेवारीअखेर सुरू झालेली बैठक ४१ तास चालली आणि शेवटी सभापतींना स्वतःच्या अधिकारात ती थांबवावी लागली. ऑक्टोबर १८७९ च्या लँड लीगचं, म्हणजे कुळांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं, अध्यक्षपद पार्नेलकडे होतं, पण ती उभी करणारा माणूस मायकेल डेव्हिट, हे नोंदवायला विसरू नका.

१८८५ च्या निवडणुकीपाशी मात्र थांबा. लिबरल ३३५, काँझर्व्हेटिव्ह २४९, पार्नेलचे ८६. वजाबाकी करून पाहा: दोन मोठ्या पक्षांतला फरक बरोबर ८६. लिबरल पक्षाचे नेते ग्लॅडस्टन यांना पार्नेलशिवाय सरकार चालवणं का अशक्य होतं, हे इथं कळतं. हे ८६ जण फुटत नव्हते, कारण १८८४ पासून प्रत्येक उमेदवाराकडून पक्षाच्या बहुमताप्रमाणेच मत देण्याची लेखी शपथ घेतली जाई. शपथेखाली लाल रेघ मारून ठेवा, पुढे लागणार आहे.

सर्वांत जास्त गोंधळ दोन प्रकरणांत होतो. ‘टाइम्स’नं एप्रिल १८८७ मध्ये एक पत्र छापलं. १८८२ च्या फीनिक्स पार्क हत्याकांडाचं, म्हणजे डब्लिनमध्ये दोन बड्या सरकारी अधिकाऱ्यांच्या झालेल्या खुनाचं, पार्नेलनं समर्थन केल्याचं त्यात दिसत होतं. ते रिचर्ड पिगॉटनं बनवलेलं होतं आणि फेब्रुवारी १८८९ मध्ये उलटतपासणीत, एका इंग्रजी शब्दाच्या नेहमीच्या चुकीवरून, तो उघडा पडला. या प्रकरणानं पार्नेल पडला नाही, उलट शिखरावर पोचला. घटस्फोटाचा अर्ज त्याच वर्षी, २४ डिसेंबरला, कॅथरिन ओ’शीचे पती कॅप्टन ओ’शी यांनी केला. दोन्ही एकाच ‘बदनामी’खाली टाकलंत तर चढ-उताराचा क्रमच बिघडतो.

कॅथरिन ओ’शी आणि पार्नेल यांचे संबंध राजकीय वर्तुळात आधीपासून माहीत होते. १८८६ मध्ये गॉलवेची जागा ओ’शींना दिली तेव्हा बिगर आणि पक्षाचेच खासदार हीली उघडपणे भडकले होते. ही नोंद तिसऱ्या रकान्यात गेली की पुढचा प्रश्न आपोआप पडतो: मग १८९० मध्येच काय बदललं?

त्यासाठी १७ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर १८९० हे २० दिवस स्वतंत्र कागदावर घ्या. १७ ला घटस्फोटाचा निकाल लागला. पार्नेलनं बचावच केला नसल्यामुळे विरुद्ध बाजूची साक्ष जशीच्या तशी उभी राहिली. २० ला डब्लिनच्या लीन्स्टर हॉलमधल्या सभेनं पाठिंबा दिला. २४ तारखेच्या पत्रात ग्लॅडस्टननी बजावलं की पार्नेल राहिले तर लिबरल पक्षाचं आपलं नेतृत्व जवळजवळ निरर्थक ठरेल. २५ ला आयरिश पक्षानं पार्नेलना पुन्हा अध्यक्ष निवडलं तेव्हा सदस्यांना ते पत्र माहीत नव्हतं, ते त्यानंतर प्रसिद्ध झालं. २९ ला पार्नेलनी जाहीरनामा काढून ग्लॅडस्टनशी झालेली खाजगी बोलणी उघड केली आणि तडजोडीची वाट स्वतःच बंद केली. कॅथलिक बिशपांचं निवेदन ३ डिसेंबरचं आहे, म्हणजे ‘चर्चनं पाडलं’ हे सुरुवातीचं कारण म्हणून लिहिता येत नाही. पोटनिवडणुकांतला धर्मगुरूंचा प्रचार वेगळा मांडा, तो खरोखरच जबरदस्त होता. ६ डिसेंबरला संसदेच्या समिती कक्ष क्रमांक १५ मधल्या पक्षाच्या बैठकीतून ४५ सदस्य बाहेर पडले, पार्नेल धरून २८ उरले. आता ती लाल रेघ बघा: बहुमताची शिस्त ज्यानं लावली, त्यानंच ती नाकारली. आमच्या मते पाडावाचं मर्म हेच.

या कक्षातली चर्चा हॅन्सार्डमध्ये, म्हणजे संसदेतल्या चर्चांच्या नोंदींत, शोधू नका, ती पक्षाची बैठक होती. त्यासाठी डब्लिनच्या ‘फ्रीमन्स जर्नल’ या दैनिकाचे त्या आठवड्याचे अंक लागतात. १८८१ च्या बैठकीसाठी मात्र हॅन्सार्ड ऑनलाइन फुकट मिळतं. कॅथरिननं १९१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणी पत्रांसाठी वापरा, राजकीय तारखांसाठी नको.

शेवट भरभर लिहा: तीन पोटनिवडणुकांत पार्नेलच्या उमेदवारांचा पराभव, २५ जून १८९१ ला कॅथरिनशी लग्न, ६ ऑक्टोबरला ४५ व्या वर्षी मृत्यू.

भारताशी दुवा जोडायचा तर १८९४ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष आल्फ्रेड वेब घ्या, ते पार्नेलविरोधी गटातले खासदार होते. टिळकांची होमरूल लीग एप्रिल १९१६ ची, तिच्यासाठी वेगळा कागद घ्या. आणि तक्ता १८९१ वर तोडू नका: १८९३ चं दुसरं होमरूल विधेयक संसदेच्या वरिष्ठ सभागृहानं, लॉर्ड्सनी, ४१९ विरुद्ध ४१ मतांनी फेटाळलं, आणि फुटलेला पक्ष १९०० मध्ये पार्नेलच्या गटातले रेडमंड यांच्याखाली एकत्र आला.