'आधी खात्री, मग खबर': पशुवैद्यांनो, या चुका टाळा

गाय लंगडतेय, तोंडातून लाळेच्या तारा लोंबतायत, जीभ ओढून पाहिली तर फोड फुटून साल निघालेली. लाळ्या खुरकूत डोळ्यांसमोर उभा आहे. तरी आपण मालकाला म्हणतो, "दोन दिवस औषध देऊ, मग बघू." अधिसूचित रोगांच्या, म्हणजे ज्यांची खबर सरकारला देणं कायद्याने बंधनकारक असतं त्यांच्या बाबतीत होणारी सगळ्यात महाग चूक हीच. ती अज्ञानातून होत नाही. नीट निदान केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, अशी शिस्त अंगात मुरलेल्या डॉक्टरांकडूनच ती जास्त होते.

इथे मात्र कायद्याला तुमचं पक्कं निदान नको असतं, संशय पुरेसा असतो. बहुतेक देशांत खबर देण्याची जबाबदारी संशय आला की सुरू होते; खात्री करणं प्रयोगशाळेचं काम. '२४ तासां'वरूनही घोळ होतो. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नियमांतली ती मुदत देशासाठी आहे, रोग पक्का झाल्यावर जगाला कळवण्यासाठी. गोठ्यात उभ्या असलेल्या डॉक्टरला एक दिवस थांबायची मुभा त्यातून मिळत नाही. (ही संघटनासुद्धा बुळकांडी या गुरांच्या जीवघेण्या रोगामुळे जन्मली. १९२० साली अँटवर्प बंदरातून गेलेल्या गुरांमुळे बेल्जियममध्ये साथ पसरली आणि १९२४ साली पॅरिसमध्ये २८ देशांनी एकत्र येऊन करार केला.)

उशिराची किंमत ब्रिटनने २००१ मध्ये मोजली. फेब्रुवारीत इसेक्समधल्या एका कत्तलखान्यात डुकरिणींच्या अंगावर फोड दिसले आणि तिथल्या पशुवैद्याने लगेच कळवलं. त्याने आपलं काम चोख केलं होतं. पण माग काढत गेल्यावर नॉर्दम्बरलँडमधला एक वराहपालन फार्म सापडला. तिथे रोग बरेच दिवस आधीपासून होता आणि कोणी कळवलं नव्हतं. तेवढ्या काळात मेंढ्या बाजारांमधून देशभर फिरल्या. पहिली केस पक्की झाली तेव्हा विषाणू पन्नासहून जास्त ठिकाणी पोचलेला होता. साथ संपेपर्यंत २,०२६ ठिकाणी रोग नोंदला गेला आणि ६० लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली.

मेंढ्यांवरून आठवलं. जास्त आजारी दिसणाऱ्या जनावराभोवतीच घुटमळणं, ही दुसरी चूक. मेंढी-शेळीत लाळ्या खुरकूत इतका सौम्य असू शकतो की थोडं लंगडणं सोडून काहीच दिसत नाही. शिवाय तुम्हाला शोधायचा असतो तो सर्वांत जुना व्रण, आणि तो बहुधा बऱ्या दिसणाऱ्या जनावराच्या तोंडात असतो. लालभडक, धारदार कडांचा व्रण साधारण दोन दिवसांचा. कडा बोथट होऊन वर पिवळसर थर धरला असेल तर तीन-चार दिवस झालेत. भरून येऊन नुसता वण उरला असेल तर आठवडा किंवा त्याहून जास्त. व्रणाच्या या वयात रोगाचा २ ते १४ दिवसांचा सुप्तावस्थेचा काळ मिळवा, म्हणजे रोग गोठ्यात कधी शिरला याचा अंदाज येतो. त्या दिवसांत कोणतं जनावर आलं, कोणतं गेलं, दुधाची गाडी कुठून आली, हे मालकाला विचारा. हे अर्ध्या तासाचं काम पुढच्या तपासाचे कित्येक दिवस वाचवतं.

अचानक मेलेलं, भराभर फुगलेलं, नाका-गुदातून न गोठणारं काळसर रक्त आलेलं जनावर समोर असेल तर सुरी खाली ठेवा. काळपुळीच्या (अँथ्रॅक्सच्या) संशयात शवविच्छेदन करायचं नसतं. बंद शरीरात कुजण्याच्या प्रक्रियेतच हे जंतू मरतात; मृतदेह उघडला की हवा लागून त्यांचे बीजाणू बनतात, आणि ते त्या मातीत दशकानुदशकं टिकतात. कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची काचपट्टी करा, बास. जनावर अजून जिवंत असेल तर तीसुद्धा प्रतिजैविकाचं इंजेक्शन देण्याआधी घेतलेली बरी, कारण नंतर जंतू दिसेनासे होतात.

नमुन्यांचंही तेच. फोडाची साल फॉर्मलिनमध्ये बुडवून पाठवली, तर त्यातून जिवंत विषाणू वेगळा करता येत नाही. ती योग्य द्रावणात, थंड ठेवून पाठवायची. नमुने पाठवण्याआधी प्रयोगशाळेला फोन करा.

आता जरा कडू. रोग पसरवणाऱ्यांत आपणही असतो. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात तेच बूट, तीच थर्मामीटरची डबी. लम्पीच्या लसीकरणात एकच सुई दहा जनावरांना वापरणारे मी पाहिलेत. आणि फिनाईलचा वास आला म्हणजे सगळं निर्जंतुक झालं, हा गैरसमज तर जाता जात नाही. लाळ्या खुरकुताच्या विषाणूवर फिनाईल फारसं चालत नाही. त्याला आम्ल किंवा अल्कली सोसत नाही, म्हणून धुण्याच्या सोड्याचं ४ टक्के द्रावण त्याला पुरतं. मात्र आधी शेण घासून काढा. शेणाच्या थरावर ओतलेलं कोणतंही जंतुनाशक वाया जातं.

मालकाची भीती खरी असते. बाजार बंद, दूध बंद, शेजारी बोलणार. तरी 'कुणाला सांगत नाही' असा शब्द देऊ नका. कित्येक ठिकाणी भरपाई मिळते ती सरकारी आदेशाने मारलेल्या जनावरांची, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे लवकर कळवणं त्याच्याच फायद्याचं. हे त्याला गोठ्यातच समजावून सांगा. तपासणीत काही निघालं नाही तर तोंडघशी पडू, ही आपली भीती. नकारार्थी अहवाल आला की मला तरी बरंच वाटतं.

खबर देण्यासाठी फोन लावताना हे हाताशी ठेवा: कोणती जनावरं, एकूण किती, आजारी किती, मेली किती, पहिलं लक्षण कधी दिसलं, सर्वांत जुना व्रण किती दिवसांचा, गेल्या दोन आठवड्यांत कोण आलं-गेलं. रोगाचं नाव 'संशयित' म्हणूनच सांगा. पुढची सूचना मिळेपर्यंत गोठ्यातून जनावर, दूध, शेण, चारा काहीही बाहेर जाऊ देऊ नका. आणि तुम्हीही निघू नका. पुढच्या गोठ्यावर वेळ दिली असेल तर ती तिथूनच रद्द करा.