दरडोई खर्च वाढला म्हणजे किती वाढला? आकडा असा तपासा

भारतात घरखर्चाचा मुख्य आकडा राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणातून मिळतो: मासिक दरडोई खर्च. ग्रामीण भागात तो २०११-१२ मध्ये १,४३० रुपये होता, २०२२-२३ मध्ये ३,७७३. 'अडीच पटींहून जास्त' असा मथळा यावरूनच होतो, आणि तो अर्धवट आहे.

आधी महागाईचा भाग वगळा. टक्के एकमेकांतून वजा करू नका, भागाकार करा. या ११ वर्षांत ग्रामीण किमती साधारण १.८८ पट झाल्या. ३,७७३ ला १.८८ ने भागलं की सुमारे २,००७ येतात. २०११-१२ च्या किमतींत अधिकृत आकडा २,००८ आहे. म्हणजे खरी वाढ ४० टक्के. हे ४० भागिले ११ असंही करू नका. २,००८ ला १,४३० ने भागा, उत्तराचं अकरावं मूळ काढा (जी संख्या अकरा वेळा एकमेकींशी गुणली की ते उत्तर येतं ती), साधारण १.०३१ येतं: वर्षाला सुमारे ३.१ टक्के. शहरांसाठी शहरी किमतींचा निर्देशांक (किमती किती पट झाल्या ते सांगणारा आकडा) वापरा. तिथे २,६३० वरून त्याच जुन्या किमतींत ३,५१० झाले, म्हणजे वर्षाला २.७ टक्के.

सगळ्यात जास्त घोळ रेशनवर होतो. सर्वेक्षण दोन आकडे देतं: मोफत मिळालेल्या वस्तूंची किंमत धरून आणि न धरता. २०२२-२३ चा ३,७७३ न धरता आहे. त्याच्यासमोर २०२३-२४ चा ४,२४७ ठेवला, तर वाढ १२.६ टक्के दिसते. पण ४,२४७ मध्ये मोफत वस्तू धरल्या आहेत. जोडी २०२३-२४ च्या मोफत वस्तू न धरलेल्या ४,१२२ शी लावा, वाढ ९.२ टक्के निघते, तीही महागाईसकट. धान्यावरचा वाटा घटलेला दिसला तरी हाच प्रश्न विचारा: धान्य कमी खाल्लं, की फुकट मिळालं?

स्वतःच्या घराचा आकडा काढायचा असेल तर तेल, भाज्या, फळं, अंडी, मटण सात दिवसांचं लिहा. धान्य, डाळी, वीजबिल तीस दिवसांचं. फी, कपडे, चपला, फ्रीज वर्षाचं. मग सगळं तीस दिवसांवर आणा. वर्षाची फी २४,००० आणि घरात चार माणसं, तर २४,००० × ३० ÷ ३६५ ÷ ४, म्हणजे माणशी ४९३ रुपये. फी भरली त्याच महिन्यात सगळी धरली, तर माणशी ६,००० चढतात आणि तुलना तिथेच बिघडते. स्वतःच्या मालकीच्या घराचं काल्पनिक भाडं यात धरत नाहीत, राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात मात्र धरतात. म्हणून ते दोन दरडोई आकडे शेजारी मांडू नका.