थंडीच्या तोंडावर कोळंबीला लसूण-हळद द्या, पण खाद्यातून

दिवाळी सरली की चिकोडी, खानापूरकडं रात्री गार पडतात. शेततळ्यातली गोड्या पाण्यातली जंबो कोळंबी उबेची. २६ ते ३१ अंशांत ती जोमानं वाढते, पाणी २० अंशांच्या आसपास उतरलं की खाणं टाकते. औषध जाणार खाद्यातून, म्हणून ती खातेय तोवरच सुरुवात करा.

कोंबडीला टोचतो तशी लस कोळंबीला लागू पडत नाही, कारण एकदा झालेला रोग ओळखून ठेवणारी प्रतिपिंडं तिच्या अंगात तयारच होत नाहीत. जंतूंशी झुंजतात त्या तिच्या रक्तातल्या पेशी. लसूण-हळदीचा उपयोग होतो तो या पेशी तल्लख ठेवायला.

किलोभर गोळी खाद्याला १० ग्रॅम सोललेला लसूण आणि ५ ग्रॅम हळद घ्या. लसूण ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवा, कारण त्यातलं जंतुनाशक द्रव्य ठेचल्यावरच तयार होतं. शिजवलात तर ते जातं. थोड्या पाण्यात कालवून फडक्यातून पिळा, हळद मिसळा, खाद्याला हलक्या हातानं चोळा. वरून थोडं गोडं तेल लावलं की अर्क पाण्यात लगेच सुटत नाही. सावलीत सुकवून त्याच दिवशी वापरा. आठवडाभर देऊन थांबा. चेक ट्रेमध्ये, म्हणजे खाणं तपासायला तळ्यात सोडलेल्या ताटात, दोन तासांनी खाद्य उरलेलं दिसलं तर खाद्याची मात्रा कमी करा.

कळकळीनं सांगतो, निंबोळी अर्क तळ्यात ओतू नका. अळीची कात अडवणारं त्यातलं द्रव्य कोळंबीचीही कात अडवू शकतं, आणि कात टाकल्याशिवाय ती वाढत नाही. निपाणी भागात तंबाखूची भुकटी हाताशी असते. निकोटिन कोळंबीला विषच. फवारणीचा पंपही तळ्याकाठी धुऊ नका.

दर आठवड्याला चार-पाच कोळंब्या हातात घेऊन उजेडात धरा. पाठीतली आतड्याची काळपट रेघ सलग भरलेली हवी. रेघ रिकामी, मिशा तुटलेल्या, कल्ले काळे दिसले तर लसूण वाढवत बसू नका. आधी तळाचा गाळ आणि पहाटेचा प्राणवायू तपासा. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर कुठलाच पाला चालत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांना तर बंदीच आहे.

विक्रीजोगी झालेली कोळंबी कडाका पडायच्या आत काढा.